जर्मनीला निघालेला दारुडा

तमाम वाचकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, पुढे एका अत्यंत भीषण गुन्ह्याची हकीकत येत आहे. यात खून नाही, दरोडा नाही, एका बंगल्याच्या कुंपणाची भिंत तेवढी पडली आहे. तरीही दुबळ्या हृदयाच्या माणसांनी जपून वाचावे. कारण ती घटना आठवली की आजही मी तावातावानं उठून उभा राहतो आणि घरातली मंडळी मला पाण्याचा लोटा आणून देतात.

गोष्ट साठच्या दशकातली. मी तेव्हा बंगळूरला मल्लेश्वरमकडच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यामुळे आसपासच्या मराठी कुटुंबांना ठाणं म्हणजे माझी ओसरीच वाटे. तक्रारी कमी आणि लग्नाची स्थळं जास्त यायची.

त्या काळी पासपोर्टचा अर्ज आला की स्थानिक चौकशी आमच्याकडे लागायची. एका तरुण इंजिनिअरचा अर्ज असाच माझ्या टेबलावर आला. पश्चिम जर्मनीतल्या यंत्रांच्या कारखान्यात त्याला नोकरी मिळाली होती. महिन्याभरात बोटीवर चढायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. शिक्षा वगैरे काही झाली आहे का, या प्रश्नापुढे सुरेख अक्षरात ‘नाही’ लिहिलेलं. घराणं सालस, वडील समाजात मोठे. अहवालावर सही करायला मी पेन उघडलं, तेवढ्यात एक बाई आत आल्या. नऊवारी लुगडं, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर डोकावताहेत.

“इन्स्पेक्टर अण्णा, खबर द्यायची आहे,” त्या म्हणाल्या.

“बसा अक्का. कोणाबद्दल?”

“माझ्या मुलाबद्दल. जर्मनीला निघालाय तो. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून त्याला कोर्टात दंड झालाय. अर्जात ‘नाही’ लिहिलंय.”

मी पेन बंद केलं. “तुम्हाला तो जायला नकोय का?”

“अय्यो, नको का म्हणून? जायलाच हवा!”

“मग ही खबर मला कशाला देता?”

“चौकशी करा म्हणून. स्वल्प खोल करा. सरी, बरं, येते मी.” आणि त्या शेंगा सावरत निघून गेल्या.

नोकरीत मी खूप खबरे पाहिले. कोणी बक्षिसासाठी येतो, कोणी सुडासाठी. मुलाचं भलं व्हावं म्हणून त्यालाच पोलिसांच्या तोंडी देणारी आई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

खबर खरी निघाली. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी या चिरंजिवांनी गाडी एका भिंतीत घातली होती. लायसन नव्हतं. अंगाला दारूचा भपकारा. डॉक्टरांचा दाखला जोडलेला. कोर्टात गुन्हा कबूल, दंड भरून मोकळा. आता मी खरा अहवाल पाठवला, तर शिक्षा लपवल्याचा ठपका येऊन पासपोर्ट गेला. आणि यंत्रांच्या कारखान्यात दारुडा कोणाला हवा असतो?

मी मुलाला बोलावलं. सडपातळ, चष्मा लावलेला, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं.

“शिक्षा झाली होती?”

“हो सर.”

“काय प्यायला होतास?”

“दारू.”

“ती कळली. कोणती?”

तो विचारात पडला. “ब्रँडी.”

“कशी लागते?”

“गोड,” तो म्हणाला. माझ्या हेड कॉन्स्टेबलना ठसका लागला.

मी त्याला अंगणात नेलं आणि ठाण्याच्या जीपमध्ये बसवलं. “चालू कर.” त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसावं तसा समोर बघत बसून राहिला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “सर, ही आधी ढकलावी लागते का?”

“बाळ, तू गाडी चालवत नव्हतास.”

“मीच चालवत होतो. कोर्टात कबूल केलंय,” तो म्हणाला. पाठ केलेला पाढा म्हणावा तशा एका सुरात.

मी दम दिला, समजावलं, कॉफी पाजली. जर्मनी हातची जाईल म्हणून घाबरवलं. त्याचे डोळे भरले, पण शब्द बदलला नाही. गुन्हेगार गुन्हा कबूल करत नाही म्हणून पोलीस वैतागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. निरपराध माणूस गुन्हा सोडायलाच तयार नाही, हा वैताग कोणाला सांगायचा?

दुसऱ्या दिवशी वडील आले. काय ते येणं! डोक्याला जरीची पगडी, बंद गळ्याचा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. हे गृहस्थ आमच्या समाजाच्या सभेत दर वर्षी दारूच्या दुष्परिणामांवर बोलत. मीही एकदा पुढच्या रांगेत बसून डुलक्या घेतल्या होत्या.

“फौजदारसाहेब,” ते काठी आपटून म्हणाले, “तरुण पिढी! संस्कार देऊन देऊन किती द्यायचे? त्या दिवशी खोकल्याचं औषध त्याला जरा जास्त झालं असेल. एवढीशी तर गोष्ट, ‘नाही’ लिही, असं मीच त्याला सांगितलं.”

“म्हणजे खोटं लिहायला तुम्ही सांगितलंत?”

“घराण्याची अब्रू असते, साहेब!”

मी तिघांनाही एकत्र बोलावलं. वडील खुर्चीत, मुलगा भिंतीला टेकून, आई बाकावर पदर सावरून. जबाब घ्यायला मी स्वतः बसलो.

“अक्का, त्या दिवशी तुम्ही गाडीत होतात?”

“होते. मागं बसले होते. मित्राच्या बंगल्यावर जेवण होतं. गाडीही त्या मित्राचीच.”

“मुलगा कुठे होता?”

“पुढं, डावीकडं. मांडीवर बाटली होती, मित्रानं भेट दिलेली. भिंतीवर आपटलो तशी फुटली, पोर सगळं भिजलं.”

म्हणजे डॉक्टरांनी वास घेतला तो शर्टाचा! तोंड कोणी हुंगलंच नव्हतं. मी कपाळावर हात मारला.

“गाडी कोण चालवत होतं?”

बाई गप्प.

“तो मित्र?”

“नाही.”

“तुमचे भाऊ? दीर?”

“नाही हो.”

“अहो अक्का, मग कोण? नाव सांगा! एक नाव घ्यायला एवढा वेळ?”

त्यांनी पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला आणि शांतपणे म्हणाल्या, “नाव कसं घेऊ, अण्णा? लग्न झाल्यापासून कधी घेतलंय का?”

मी, हेड कॉन्स्टेबल, दारावरचा पहारेकरी आणि सायकलचोरीच्या संशयावरून आणलेला एक इसम, अशा आम्ही सगळ्यांनी एकदम माना वळवून जरीच्या पगडीकडे पाहिलं.

“अगं!” पगडी ओरडली. “तू मला शब्द दिला होतास!”

“माझं नाव कुठं घेऊ नकोस, म्हणालात. घेतलं का मी?” बाई म्हणाल्या. मग मात्र त्या थेट नवऱ्याकडे वळल्या. “तिकडं जाऊन हे निघालं तर पोराला परत पाठवतील. इथंच काय ते निघू दे. समाजात तुमची मान खाली जाईल म्हणून तो उजव्या बाजूला, तुमच्या जागी, सरकून बसला. तुम्ही त्याच्यासाठी किती सरकणार ते सांगा.”

वडिलांनी काठी भिंतीला टेकवली. पगडी काढून मांडीवर ठेवली. टक्कल पडलेलं ते डोकं त्यापूर्वी कोणा परक्यानं पाहिलं नसावं. “लिहा साहेब,” ते म्हणाले. जबाबावर त्यांनी पूर्ण शुद्धीत सही केली.

शिक्षा पुसणं माझ्या हातात नव्हतं. मुलानं ‘नाही’ खोडून खरं काय ते लिहून दिलं, वडिलांचा जबाब मी अहवालाला जोडला आणि कागद वर पाठवले. वरिष्ठांनी मला बोलावून झापलं: “हा पोलिसांचा अहवाल आहे की नाटकाचा तिसरा अंक?” तरी त्यांनी शेरा चांगला मारला. भिंतीच्या मालकाची भरपाई कधीच झाली होती. जुनं प्रकरण पुन्हा उकरायचं नाही, असंही त्यांनीच ठरवलं. पासपोर्ट आला, मुदत संपता संपता.

या प्रकरणानं मला एक गोष्ट कायमची शिकवली. कबुली हातात पडली की पोलीस नाक, कान, डोळे सगळं बंद करून चहा मागवतो. त्यानंतर कोणी फार चटकन गुन्हा कबूल केला की मी आधी त्याच्या आजूबाजूला कोण उभं आहे ते बघू लागलो. आणि साक्षीदार बाई गप्प बसली की ती काय सांगत नाही, ते कान देऊन ऐकू लागलो.

मुलगा मुंबईच्या गाडीनं निघाला, तिथून पुढे बोटीनं. मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. फलाटावर निम्मा समाज हारतुरे घेऊन जमलेला. पगडी पुन्हा डोक्यावर चढली होती आणि इतके श्रोते समोर आयते उभे असताना ती गप्प कशी राहणार? गार्डाची शिट्टी झाली तरी वडिलांचं चालूच होतं: “थंडीचा देश आहे. लोक आग्रह करतील. पण त्या वस्तूला शिवायचं नाही! मला इथं सगळ्यांसमोर वचन दे!”

गाडी हलली. दोन वर्षं तोंड मिटून राहिलेला तो सालस मुलगा गळ्यातल्या हारासकट खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि सबंध फलाटाला ऐकू जाईल असा ओरडला, “अप्पा, शिक्षा भोगून झालीय माझी! आता गुन्हा तरी करू द्या!”