दुसरी पसंती

भवानी पेठेतल्या बुद्धप्रियाला निवडणुकीच्या ड्युटीचा कधीच कंटाळा आला नाही. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. ड्युटी लागली की बाकीचे नाकं मुरडायचे, ही आदल्या दिवशीच डबा-पाण्याची तयारी करायची. पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत तिनं पहिल्यांदा पाहिलं, की मतदार बटण दाबत नाहीत, उमेदवारांच्या नावांपुढं एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे लिहितात. घरी येऊन आईला, मीनाबाईला, ती तेच तेच सांगत राहिली.

मीनाबाई गल्लीतल्या बायकांच्या संस्थेत शाळेचे गणवेश शिवायची. तिथं अध्यक्ष निवडायची पद्धत हात वर करायची. मागच्या खेपेला तिघी उभ्या होत्या. एकतीस जणींपैकी बारा हात रुद्राणीला मिळाले. बाकीचे नागव्वा आणि सोनममध्ये फुटले आणि रुद्राणी अध्यक्ष झाली. मग वर्षभर कुरबुर.

यंदा पुन्हा त्याच तिघी! आईबरोबर बैठकीला गेलेल्या बुद्धप्रियानं पसंतीक्रमाचं सुचवलं.

रुद्राणी उसळली, "मॅडम, हात वर केला, मोजला, झालं. त्याला पेपर कशाला लिहायचा?"

"खरंय ताई, ह्याला वेळ लागतो. चुकाही होतात. पण हात वर केला की कोण कुणाची हे सगळ्यांना दिसतं. आणि मतं फुटली की बहुतेकींना नको असलेलीच निवडून येते."

पद्धत बदलायचं मात्र हात वर करूनच ठरलं.

रविवारी शिलाई मशीन भिंतीला सरकवून बायका दाटीवाटीनं बसल्या. बुद्धप्रिया एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचू लागली. दोन चिठ्ठ्या बाद झाल्या. त्यांवर आकड्यांऐवजी बरोबरची खूण होती.

"त्यातली एक माजी हाय," मीनाबाई पुटपुटली. "शाळेत बरोबरचीच खूण करतात की!"

सगळ्या खो खो हसल्या. बुद्धप्रियानं कपाळावर हात मारला, पण आईचं मत काही धरलं नाही.

पहिल्या फेरीत रुद्राणी बारा, नागव्वा नऊ, सोनम आठ. निम्म्यापेक्षा जास्त कुणालाच नाहीत. सगळ्यात कमी मतं असलेली सोनम बाहेर पडली आणि तिच्या आठ चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती वाचायला सुरुवात झाली.

"नागव्वा... नागव्वा... रुद्राणी... नागव्वा..."

एकीनं दुसरी पसंती लिहिलीच नव्हती. बायका गुडघ्यांवर उठून बोटांवर मोजायला लागल्या. सगळ्या वाचून झाल्या तेव्हा नागव्वा पंधरा, रुद्राणी तेरा! खोलीत एकच गलका उठला. नागव्वा तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती.

"थांबा!" रुद्राणी ओरडली. "पयल्या फेरीत पुढं मी हुते. मग मी हरले कशी?"

"तुम्ही जास्त जणींच्या पहिल्या आवडीच्या आहात, हे खरंच आहे," बुद्धप्रिया म्हणाली. "पण सोनमच्या बहुतेक बायकांना तुमच्यापेक्षा नागव्वा चालते. तुमचं दुखणं मला समजतं, ताई. ह्या पद्धतीतही कुणाला तरी लागतंच."

रुद्राणीनं चिठ्ठ्या ओढून घेतल्या आणि स्वतः पुन्हा मोजल्या. आकडे तेच आले. ती नागव्वाकडं वळली.

"फुडच्या वर्षी बघ. म्या सोनमच्या बायकांच्या दारात जाऊन दुसरी पसंती मागनार हाय!"

"ये की," नागव्वा डोळे पुसत म्हणाली, "म्या बी तुज्या बायकांकडं जानार."

बुद्धप्रियाचा आनंद पोटात मावेना. घराकडं चालताना आईचा हात धरून ती म्हणाली, "आई, ऐकलंस? आता ह्या एकमेकींच्या दारात जाणार!"

"ऐकलं," मीनाबाई म्हणाली. "आता घरी गेल्यावर मला आकडे कुटं लिवायचे ते दाव."