जावई टॅक्स भरणारा हवा

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर जयमालाताई तांबे राहतात. पनवेलच्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात त्यांनी एकोणतीस वर्षं नोकरी केली. हजारो लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न त्यांच्या हाताखालून गेले. रिटायर झाल्यावर दोन महिने त्यांनी घरातले डबे पुसले, पडदे बदलले, नवऱ्याला शिस्त लावायचा प्रयत्न केला, आणि तिसऱ्या महिन्यात लग्नं जुळवायला घेतली. याला आता नऊ वर्षं झाली.

त्यांची पद्धत सगळ्या खांदेश्वरात माहीत आहे. मुलाचा फोटो नंतर, उंची नंतर, आधी तीन वर्षांचे रिटर्न.

"आपल्यात पत्रिका बघत नाहीत," त्या म्हणतात, "मग बघायचं काय? मुलाच्या तोंडाकडे? बायोडाटात माणूस पगार वाढवून लिहितो आणि रिटर्नमध्ये कमी करून लिहितो. दोन्ही शेजारी ठेवले की मुलगा नीट दिसतो."

एका मुलाने बायोडाटात 'स्वतःचा व्यवसाय' असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. रिटर्नमध्ये सलग तीन वर्षं तोटा. ताईंनी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली आणि "बाळा, आधी धंद्याशी तुझं जमू दे" असं सांगून वाटेला लावलं.

त्यांचे यजमान धम्मपाल विम्याच्या पॉलिसी विकतात. म्हणजे एका खोलीत लग्न जुळायचं आणि बाहेरच्या खोलीत लगेच विमा निघायचा. संसार असा शिस्तीत चालला होता.

मागच्या गल्लीतल्या सुचिता मोहित्यांना आपल्या लेकीसाठी, मैत्रीसाठी, स्थळ हवं होतं. त्यांची अट एकच, पण भक्कम. जावई टॅक्स भरणारा पाहिजे. काळा, गोरा, बुटका, चष्मेवाला, कसाही चालेल.

या अटीमागे एक जुनी जखम होती. सुचिताताईंचे यजमान दत्तूभाऊ खिडक्यांच्या लोखंडी ग्रिल बनवतात. अर्ध्या खांदेश्वरच्या खिडक्या त्यांच्याच हातच्या. पण सगळा व्यवहार रोखीचा, कागद एकही नाही. बारा वर्षांपूर्वी दोघं घरासाठी कर्ज मागायला एका बँकेत गेले. साहेबाने तीन वर्षांचे रिटर्न मागितले. दत्तूभाऊंनी शांतपणे साहेबामागच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "ही ग्रिल मीच बसवलीय. हलवून बघा."

साहेबाने खरंच हलवून बघितली. ग्रिल मजबूत आहे म्हणाला आणि कर्ज नाकारलं.

"तेव्हाच मी ठरवलं," सुचिताताई सांगायच्या, "आमी नाही तर नाही, पण पोरीच्या घरात कागद पाहिजे."

असा कागदवाला मुलगा ताईंनी शोधून काढला. प्रितम जाधव, वय एकतीस, कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मॅनेजर. पगार वर्षाला साडेअकरा लाख, टॅक्स साठेक हजार. आईवडील मूळचे परभणीकडचे. रिटर्नची झेरॉक्स हातात पडल्यावर सुचिताताईंनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि तीन शेजारणींना दाखवून आणली. बघण्याचा कार्यक्रम ठरला रविवारी, २ फेब्रुवारी २०२५ ला, ताईंच्याच घरी.

आणि शनिवारी, म्हणजे आदल्याच दिवशी, बजेट आलं. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही!

दुपारी टीव्हीवर ही बातमी झळकली तेव्हा मी ताईंच्याच घरी होतो. आमची सगळी बिल्डिंग खूश झाली. वरच्या मजल्यावर कुणीतरी शिट्टी मारली. एकटे धम्मपाल खुर्चीत खाली खाली सरकत गेले. मार्च महिना म्हणजे त्यांची सुगी. टॅक्स वाचवायला लोक धावत येऊन पॉलिसी घ्यायचे.

"संपलं," ते म्हणाले. "आता पॉलिसी मरणासाठीच घ्यावी लागणार. तेवढ्यासाठी कोण घेतो?"

एवढ्यात ताईंचा फोन वाजला. सुचिताताईंचा आवाज मला दोन फुटांवरून स्वच्छ ऐकू येत होता.

"ताई, आपला मुलगा गेला ना!"

"कुठे गेला?"

"बाराच्या आत गेला. आता तो टॅक्स भरणारच नाही म्हणे. म्हणजे आमच्या यांच्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?"

"अहो, पगार तेवढाच आहे त्याचा. उलट हातात जास्त येईल. आणि हे एप्रिलपासून. मार्चपर्यंत भरतोय तो."

पलीकडे थोडा विचार झाला. "मग लग्न मार्चमध्ये उरकायचं का?"

ताईंनी फोन ठेवला आणि पाणी प्यायल्या.

रविवारी माझ्या घरून चार खुर्च्या खाली गेल्या. खुर्च्यांच्या मागोमाग मीही गेलो, त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः बघितलेलं आहे.

प्रितमचे वडील चंद्रशेखर जाधव माथाडी कामगार म्हणून निवृत्त झालेले. खांदे अजून दरवाजाएवढे. आई मुक्ताबाई बारीक, शांत, पण डोळे सगळीकडे फिरणारे. प्रितमने शर्टाचं वरचं बटणही लावलेलं होतं. मैत्री आईशेजारी बसली होती. ती ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरीला आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायचं काम. तिच्या बायोडाटात मात्र एवढंच लिहिलं होतं: 'खासगी कंपनीत नोकरी, स्वयंपाकाची आवड'. त्यातली आवड आईची होती.

इडली-चटणी झाली. गावं, नातेवाईक, कोण कुठे असतं, तेही झालं. मग सुचिताताईंनी घसा साफ केला.

"बाळा प्रितम, कालचं बजेट बघितलंस ना? मग आता कसं करायचं?"

"कशाचं, काकू?"

"टॅक्सचं. तू आपला थोडा तरी भरत जा."

प्रितमने आधी ताईंकडे बघितलं, मग धम्मपालांकडे. तिथून काही मदत येईना. "पण काकू, आता सरकार घेणारच नाही."

"आपण आपल्या खुशीनं दिला तर?"

"ओ ताई," चंद्रशेखरराव मधेच म्हणाले, "पोरगं दोन पैसे वाचवायलंय तर तुम्ही त्याला सरकारला द्या म्हणायलाव? कोणती तऱ्हा म्हणावी ही?"

"पैशाचं नाही ओ, कागदाचं बोलतेय मी! उद्या बँकेनं विचारलं तर?"

"रिटर्न भरता येतो की, टॅक्स शून्य असला तरी," ताई समजावू लागल्या. पण 'शून्य' हा शब्द सुचिताताईंना अजिबात झेपला नाही. त्यांचा चेहरा पडला. आणि तेवढ्यात मैत्री हसली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून.

"आई, अगं मी भरते ना."

"काय भरतेस?"

"टॅक्स. यंदा लाखाच्या वर गेला. पुढच्या वर्षी नव्वद हजारांच्या आत येईल. माझा काही शून्य होत नाही."

सुचिताताईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"तुझ्याकडे एवढे पैसे आले कुठून?" सुचिताताईंनी विचारलं.

"पगारातून, आई."

"पण मी विचारलं की तू 'पुरतो' म्हणतेस!"

"पुरतोच की."

प्रितम मात्र छताकडे बघत होता. ओठ हलत होते. मग तो एकदम म्हणाला, "म्हणजे साडेचौदा लाख?"

मैत्रीने त्या दिवसात पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "बरोबर. तोंडी केलंत?"

"स्टँडर्ड डिडक्शन धरून."

"धरूनच," ती म्हणाली आणि दोघंही एवढंसं लाजले. ताई नंतर मला म्हणाल्या, एकोणतीस वर्षांच्या नोकरीत हे शब्द इतक्या प्रेमाने बोललेले त्यांनी कधी ऐकले नव्हते.

पण मोठ्यांचं वेगळंच चाललं होतं. सुचिताताई लेकीकडे परक्या बाईकडे बघावं तशा बघत होत्या. चंद्रशेखरराव उठले. "बगतो. विचार करून कळवतो," म्हणाले आणि चपला घालायला लागले. पोरापेक्षा पोरीचा पगार तीन लाखांनी जास्त, हे त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसत होतं.

संध्याकाळी ताई माझ्या खुर्च्या परत द्यायला वर आल्या आणि त्यातल्याच एकीवर बसल्या.

"नऊ वर्षं झाली मला," त्या म्हणाल्या. "एकशे तेरा लग्नं जुळवली. एकाही मुलीचा रिटर्न मागितला नाही हो मी. मुलींच्या फायली उघडून बघितल्या आत्ता. फोटो, उंची, स्वभाव मनमिळाऊ. सगळ्या मनमिळाऊ! मी स्वतः एकोणतीस वर्षं टॅक्स भरला, आणि माझ्या डोक्यात आलं नाही."

 त्यांना ते खरंच लागलं होतं.

आठवडा गेला. जाधवांकडून फोन नाही. सुचिताताईंचं मात्र दोन दिवसांत पालटलं. पहिल्या दिवशी त्या मैत्रीशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या रिटर्नची प्रिंट मागितली. तिसऱ्या दिवशी त्याच प्लास्टिकच्या पिशवीत प्रितमच्या जागी मैत्री होती आणि पिशवी शेजारपाजारी फिरत होती. दत्तूभाऊ वर्कशॉपमध्ये येईल त्याला सांगत होते, "आमची मैत्री सरकारला लाख रुपये देते." जावयाचा टॅक्स हा विषयच त्या घरातून उठला.

अडलं होतं ते कळंबोलीला. पुढच्या रविवारी ताई तिकडे जायला निघाल्या आणि मला सोबत घेतलं.

चंद्रशेखररावांनी पाणी दिलं, चहा दिला, पण विषयावर येईनात. शेवटी ताईंनीच विचारलं, "भाऊ, मुलीत काही खोट दिसली का?"

"खोट कशाची? पोरगी लाखात एक हाय. पण मी गावाकडं काय सांगू? सून पोरापेक्षा जास्त कमवायली म्हणून? लोक प्रितमला हसतील."

"प्रितमला विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? दररोज फोनवर असतोय तिच्यासंगं. जुनी रिजीम का नवी रिजीम, तासतासभर. मला तर वाटलं राजकारणाचं बोलायलेत."

इतका वेळ मुक्ताबाई दाराशी भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ताई, यांचं खरं दुखणं मी सांगते."

"तू गप गं," चंद्रशेखरराव म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"तीन वर्षं झाली, हे गावाकडं फोन करून सांगायलेत, आमचं घर टॅक्स भरतंय. भावाला सांगितलं, सरपंचाला सांगितलं. पोत्याखाली जन्म गेला यांचा. कुणी विचारलं नव्हतं यांना कधी. पोरानं टॅक्स भरला तर यांना वाटलं, आपण बी देशात मोजले गेलो. आता बजेट आलं अन् ते बी गेलं. त्या दिवसापासून गावाला फोन न्हाई."

चंद्रशेखरराव खिडकीतून बाहेर बघू लागले. खाली ट्रक उभे होते. 

"बरं, वाचणाऱ्या पैशाचं तरी सुख घ्यावं," मुक्ताबाई पुढे म्हणाल्या. "ते साठ हजार अजून हातात आले न्हाईत, तर चारदा खर्चून झालेत. यांना सोफा पायजे. धाकट्याला गाडी. पावण्यांना उसने पायजेत. मी बुद्धगयेला जायचं म्हणलं, तर तिकिटाचे उरलेच न्हाईत." भाजीची परात बाजूला सरकवून त्या उठल्या. "अहो, जरा विचार करा. सून टॅक्स भरणार म्हणजे कुणाच्या घरातून भरणार? आपल्याच ना? लावा की फोन गावाला. सांगा, आता नव्वद हजार भरायलोत."

चंद्रशेखररावांनी खिडकीतून मान आत वळवली. मग त्यांनी विचारलं, "नव्वद म्हणजे पक्के?"

"एकोणनव्वद हजार सातशे," ताई म्हणाल्या. आकडा त्यांना पाठच होता.

"साठाच्या वर म्हणजे बराच वर हाय," चंद्रशेखरराव म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. त्यांनी आमच्यासमोरच परभणीला फोन लावला. पहिली पाच मिनिटं पिकापाण्याचं बोलले. मग आवाज चढवून म्हणाले, "अन् हां, पोराचं जमलं. सून टॅक्सवाली हाय!"

मे महिन्यात खांदेश्वरच्या एका हॉलमध्ये लग्न लागलं. पांढऱ्या साडीतल्या मैत्रीकडे बघून दत्तूभाऊ भरपूर रडले. धम्मपालांनी हॉलच्या दाराशी दोन पॉलिसी खपवल्या, दोन्ही टॅक्ससाठी नव्हत्या. मुलामुलीने सानपाड्याला भाड्याने घर घेतलं, कारण ऐरोली आणि कळंबोली दोन्हीकडे जायला तिथून बरं पडतं. वाचणाऱ्या साठ हजारांपैकी बरेचसे डिपॉझिटात आणि एजंटाच्या खिशात गेले. सोफा आला नाही. मुक्ताबाई मात्र बुद्धगयेला जाऊन आल्या. तिकीट सुनेने काढलं होतं.

ताई आता मुलींचेही तीन वर्षांचे रिटर्न मागतात. लोक चिडतात. परवा एक वडील फाईल उचलून निघून गेले. मुलीचे पैसे मोजणारं असलं मंडळ नको म्हणाले. अर्ध्या तासाने त्यांची मुलगी एकटीच आली आणि कागद ठेवून गेली. ताईंनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि मला हाक मारून म्हणाल्या, "बसा जरा. हिच्या तोलाचा मुलगा शोधायला वेळ लागणार आहे."