तिसरी थाप

आम्ही ज्याला रेफरी म्हणायचो, तो बोलून वाद मिटवत नसे. तो खाली वाकून समोर जे असेल त्यावर, मग ते टेबल असो, बाकडं असो की नुसती फरशी, उजवा तळहात आपटायचा आणि मोजायचा: वन, टू, थ्री. तिसऱ्या थापेनंतर त्या विषयावर कुणी तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. घरात भाजी खारट झाल्याचा वाद असो की कारखान्यात सुट्टीवरून झालेली बाचाबाची, तीन थापा पडल्या की विषय बंद. डाव्या गुडघ्यात तो अधू होता. वाकताना त्याला एक हात भिंतीला लावावा लागे. तरीही तो वाके.

आमची भेट नारीशेठच्या दुकानात झाली. उल्हासनगर स्टेशनबाहेरच्या गल्लीत नारीशेठची व्हिडिओ कॅसेट लायब्ररी होती. सीडी आल्यापासून कॅसेट भाड्याने नेणारं कुणी राहिलं नव्हतं. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकाला या भागातल्या बातम्या द्यायचो आणि अशी दुकानं बंद पडत असल्याची बातमी करायला तिथे गेलो होतो. बातमी छापून आली, पण मी दर रविवारी तिथे जात राहिलो. कारण रविवारी सकाळी तिथे काही चाळिशीकडे झुकलेले पुरुष जमायचे, नव्वदच्या आसपासच्या विदेशी कुस्तीच्या जुन्या कॅसेट लावायचे आणि तोंडपाठ असलेल्या मॅचवर पुन्हा भांडायचे. पैलवानांची खरी नावं त्यांना उच्चारता येत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. हिरव्या पिसांचा कोट घालणारा तो पोपट, तोंडाला पांढरा रंग फासणारा तो भस्म्या. पैलवानांची चित्रं आणि मापं असलेल्या, पोरांच्या खेळायच्या ट्रम्प कार्डांवर कुणाची छाती किती इंच छापली होती, यावरून शहाडहून येणारा एक गिरणीवाला आणि नारीशेठ यांच्यात कायमचं वैर होतं.

"अरे साईं, काउंटर माझं आहे," रेफरीचा हात वर गेला की नारीशेठ ओरडायचा. "काच फुटली तर भरून कोण देणार?"

"काच फुटेल, पण भांडण मिटेल ना," रेफरी म्हणायचा आणि थापा मारायचा.

ही कुस्ती खोटी असते, असं कुणी नवखा म्हणाला की बाकीचे चिडत. रेफरी चिडत नसे. "खोटी नाही, ठरलेली," तो म्हणायचा. "लग्न पण ठरलेलंच असतं. म्हणून ते खोटं होतं का? वीस फुटांवरून उडी मारणारा आणि खाली पडून राहणारा, दोघांचं आधी ठरलेलं असतं. खालचा वरच्यावर भरवसा ठेवून पडून राहतो. ठरलेलं मोडलं, तर तो गुन्हा." शेवटचं वाक्य तो नेहमी जरा हळू म्हणायचा.

त्याचा गुडघा कसा गेला, हे त्या दुकानात सगळ्यांना माहीत होतं, कारण ती गोष्ट तो स्वतःच सांगायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो अंबरनाथमध्ये राहायचा. केबल नुकती आली होती आणि वस्तीतली पोरं कुस्तीने वेडी झाली होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या करमणुकीच्या कार्यक्रमात त्यांनी अशीच एक मॅच बसवली. मंडपवाल्याच्या फळ्या, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून मागून आणलेल्या गाद्या आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. रेफरी आणि त्याचा जिवलग मित्र दिलीप अशी जोडी. समोरच्या जोडीला हरवायचं, मग दिलीपने उलटायचं आणि आपल्याच जोडीदाराला लोळवायचं, असं ठरलं होतं. रेफरीचा मुखवटा सुमनने शिवला होता. दोघांचं लग्न ठरलं होतं आणि ती पहिल्या रांगेत बसली होती.

दिलीपने स्टुलावरून उडी मारायची, ती गुडघ्याच्या बाजूला फळीवर, म्हणजे आवाज मोठा येईल आणि लागणार नाही. खरंच लागलं, तर खाली पडलेल्याने वरच्याच्या पोटरीवर दोन थापा मारायच्या. ती खूण मिळाली की मॅच तिथेच थांबवायची. दिलीपची पहिली उडी चुकली आणि गुडघ्यावर पडली. लोकांनी वन्स मोअर दिला. दिलीप पुन्हा स्टुलावर चढला आणि त्याने दुसरी उडी मारली. रेफरी मुखवट्यातून "खरंच लागलं रे" असं ओरडत होता आणि लोकांना तो फार चांगली ॲक्टिंग करतोय असं वाटत होतं. टाळ्या थांबेनात. रेफरीची अग्निशमन दलाच्या भरतीची धावण्याची परीक्षा जवळ आली होती. ती तो देऊ शकला नाही. पुढे तो एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात टाइम ऑफिसात चिकटला, आणि बदलापूरला बेलवलीत राहायला गेला.

वाद एवढाच होता की पहिल्या उडीनंतर त्याने खूण केली की नाही. रेफरी म्हणे, केली. दिलीप म्हणे, "केली असती तर मी थांबलो नसतो का? दोस्त आहे माझा." सगळ्यांचे डोळे दिलीपवर होते, त्याच्या पोटरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळे साक्षीदार नव्हता. दिलीप तोवर ठेके घेऊ लागला होता, त्याच्या नावापुढे भाऊ लागला होता. वस्तीने भाऊंचं खरं मानलं. रेफरीच्या वाट्याला लंगडा आणि वर खोटारडा, अशी दोन नावं आली.

असा माणूस ती गोष्ट लपवून ठेवील, असं वाटावं. रेफरी ती दर चार-दोन रविवारी रंगवून सांगायचा. दिलीपची चाल, स्टुलावरचा तोरा, दंड ठोकणं, सगळं हुबेहूब करायचा. दिलीप त्यात फार रुबाबदार वाटायचा. ऐकणारे पोट धरून हसत. गोष्ट संपली की रेफरी काउंटरवर दोन थापा मारायचा. वन, टू. तिसरी मारायचा नाही.

"थ्री कुठे गेला?" कुणीतरी विचारायचंच.

"अजून खांदा उचलतोय तो," रेफरी म्हणायचा. त्या कुस्तीत खाली दाबलेल्याने तिसऱ्या थापेआधी खांदा उचलला की मॅच चालू राहते.

मी त्याला एकदा विचारलं की स्वतःची फजिती तो इतक्या हौसेने का सांगतो. तो म्हणाला, "गोष्ट गाजत ठेवायला लागते. हिरो त्याला केलाय मी. एक ना एक दिवस त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावीशी वाटेल. माणूस रंगात आला की ठरवलेलं विसरतो. त्या दिवशी पण तेच झालं होतं."

तो दिवस नगरपालिकेच्या निवडणुकीने आणला. दिलीपभाऊ उभे होते. जुन्या दोस्तांना भेटायचं म्हणून एका रविवारी ते पांढऱ्या कपड्यात, पाच-सहा कार्यकर्त्यांसह दुकानात आले. नारीशेठने थंडा मागवला.

"काय रेफरी, गुडघा काय म्हणतो?" दिलीपने खांद्यावर हात टाकत विचारलं.

"तुझीच आठवण काढतो," रेफरी म्हणाला.

सगळे हसले, दिलीप सर्वात मोठ्याने. मग रेफरीने कार्यकर्त्यांकडे बघितलं. "ह्या पोरांना सांग ना, भाऊ, आपली जयंतीची मॅच. मी सांगतो, पण तुझ्यासारखी रंगत नाही येत."

"अरे सोड, जुनं काय..."

"नाही भाऊ, सांगा ना," कार्यकर्ते म्हणाले.

दिलीपने फार आढेवेढे घेतले नाहीत. खुर्ची ओढली, तिच्यावर एक पाय ठेवला आणि सुरू झाला. तो खरोखरच छान सांगायचा. गाद्या, दोरी, मुखवटा, माइकवरचा निवेदक, सगळं आलं. "आणि मग मी घेतली उडी! जरा चुकली, बसली गुडघ्यावर. हा खालून माझी पोटरी थोपटतोय. आणि इकडे पब्लिक, वन्स मोअर, वन्स मोअर! आता तुम्हीच सांगा, ह्याचं ऐकू का पब्लिकचं?"

कार्यकर्ते हसले. दुकानातलं दुसरं कुणीही हसलं नाही.

"किती वेळा थोपटली?" रेफरीने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"दोनदा!" दिलीपने दोन बोटं वर केली.

ती बोटं खाली घ्यायला त्याला बराच वेळ लागला. शहाडवाल्याने टीव्हीचा आवाज बंद केला. नारीशेठ म्हणाला, "भाऊ, तुम्ही तर बोलायचे, खूण केलीच नाही." दिलीपने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. मस्करी, जुनी गोष्ट, तसं नव्हतं, असे काही शब्द आले. आम्ही सगळे रेफरीच्या उजव्या हाताकडे बघत होतो.

रेफरीने भिंतीला हात लावला, वाकला आणि काउंटरवर थाप मारली. वन. मग दुसरी. टू. मग त्याने हात पँटच्या खिशात घातला.

"थ्री बोल ना," नारीशेठ म्हणाला. "कबूल केलं त्याने. मिटव."

"थ्री झालं की मॅच संपते," रेफरी म्हणाला. "मला संपवायची नाही."

ही हकीकत अंबरनाथला पोचायला दुसरा दिवस उजाडावा लागला नाही. ती कुणी पोचवली, याची चौकशी मी केली नाही. पुढच्या चौकसभेत दिलीपभाऊ भाषणाला उभे राहिले तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" लोक हसले. त्यानंतरच्या प्रत्येक सभेत तेच झालं. भाऊ माइक हातात घेत आणि समोरून वन्स मोअर येई. एका सभेला रेफरी गर्दीच्या शेवटी, विजेच्या खांबाला टेकून उभा होता. तो ओरडला नाही. टाळ्या मात्र त्याने वाजवल्या, बराच वेळ. दिलीप त्या वॉर्डात पडला. त्याचं कारण हेच होतं, असं म्हणायला पुरावा नाही.

निवडणुकीनंतर दिलीप बेलवलीला रेफरीच्या घरी जाऊ लागला. पहिल्यांदा मिठाई घेऊन, नंतर रिकाम्या हाताने. रेफरी त्याला घरात घ्यायचा. सुमनवहिनी चहा ठेवायच्या. रेफरी एखादी जुनी कॅसेट लावायचा, पोपट आणि भस्म्याची वगैरे, आणि दोघे शेजारी बसून बघायचे. एकदा मी तिथे होतो. मॅच संपल्यावर दिलीप म्हणाला, "संपव ना रे आता. पाया पडू का?"

"चहा घे," रेफरी म्हणाला. "निवतोय."

यात तुला सुख मिळतं का, असं मी रेफरीला नंतर विचारलं. तो म्हणाला, "हो. खूप." त्याने त्या सुखाला दुसरं कुठलंही नाव दिलं नाही, आणि मीही देणार नाही.

पुढे काही वर्षांनी रेफरीला काविळीचं निमित्त झालं आणि पंधरवड्यात तो गेला. बेलवलीच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, माणसं पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर बसली होती. नारीशेठने आपल्या मोडक्या मराठीत दोन शब्द सांगितले. मग मागून दिलीप उठला, फोटोसमोर येऊन गुडघे टेकून बसला. त्याने हात जोडले. नंतर उजवा तळहात उचलला आणि फरशीवर आपटला. वन. कुणालाही हे अपेक्षित नव्हतं. टू.

तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा सुमनवहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"थांबा भाऊजी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी टाळ्या मी पण वाजवल्या होत्या. पहिल्या रांगेत बसून. माझी तिसरी त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मारली. तुमची मारली नाही. विसरले नव्हते, ठरवून मारली नाही."

दिलीपचा हात अजून वरच होता.

"ते ठरलेलं आहे," वहिनी म्हणाल्या. "मोडू नका." आणि त्यांनी त्याचं मनगट सोडलं.

दिलीपने हात मागे घेतला. तोही आता वयाने जड झाला होता, एका दमात उठता येईना. जमिनीवर बसलेल्याला उठायला आपल्याकडे कुणीतरी हात देतंच. तिथे चाळीसेक माणसं होती. कुणी दिला नाही.