खोली सजवायला सुरुवात कुठून करायची?

सकाळपासून ही पोस्ट टाळतोय, कारण लिहायला बसलो की खोलीकडे बघावं लागतं.

बाबा बोटीवर असतात, रविवारी येणार आहेत. तोवर मी मागची खोली स्वतःच्या हाताने राहण्यासारखी केली, तर इथेच रत्नागिरीत राहायचं. नाहीतर मुंबईला काकांकडे नोकरीला जायचं. असं ठरलंय.

आज रंगापासून सुरुवात केली. गिलावा नसलेल्या चिऱ्याच्या भिंतीने अख्खा डबा पिऊन टाकला आणि दिसायला तशीच्या तशी. मग म्हटलं, आधी शेल्फ करू. फळीसाठी लाकूड शोधायला भाट्ये किनाऱ्यावर गेलो आणि पिशवीभर शिंपले घेऊन आलो.

शेजारच्या सुमनकाकी दारातून डोकावल्या. "मेल्या, खोली सजवतोस की मोडतोस? आधी बसणार कुठे ते ठरव. बाकीचं त्याच्याभोवती लागतं."

खाट अंगणात, एकुलत्या खुर्चीवर ओला रंग. खरंच रडायला येतंय. तुम्ही पहिला हात कुठे घालता, सांगा ना!

थांबा, फाटकाशी रिक्षा थांबली. अरे, बाबाच आलेत, आजच! बॅग हातात घेऊन खोलीच्या दारात उभे आहेत आणि विचारतायत, "काय रे, बसू कुठे?"