वंशभेदाच्या सभेत हरवलेला मोबाईल

"दारं लावा! कुणीही जागचं हलायचं नाही!" सर ओरडले तेव्हा मी माईक हातात धरून उभा होतो आणि माझ्या तोंडून जेमतेम "आदरणीय पाहुण्या" एवढंच निघालं होतं.

सर म्हणजे सभेचे संयोजक, निवृत्त प्राध्यापक. नगरमधला एक हॉल, विषय वंशभेद, आणि पाहुण्या बाई थेट युरोपातून आलेल्या. जिनिव्हात एक समिती बसते म्हणे, ती देशोदेशींच्या सरकारांना वंशभेदाचा जाब विचारते. तिच्यापुढं बोलायला बाईंना आपल्या जिल्ह्यातून एक माणूस न्यायचा होता. सर मला आधीच म्हणाले होते, "दहा मिनिटं नीट बोललात तर तुम्हीच जाल." मी पारध्याचा. पारनेरकडच्या गायरानावर आमची पत्र्याची घरं आहेत, आणि मी टेम्पो चालवतो. महिनाभर स्टेअरिंगला भाषण ऐकवत होतो.

आणि माल तर माझ्याकडं लई होता! मी जन्मलो तेव्हा सुईण म्हणाली, "पोरगा झाला," आणि पालाबाहेर उभा असलेला जमादार म्हणाला, "एक वाढला." शेवगावात कुणाची शेळी चुकली, की ती चरून घरी परतायच्या आत माझा चुलता इकडं पारनेरात कोठडीत. मधलं अंतर तो शेळी बगलेत मारून उडत पार करत असावा. आजोबांचं ठाण्यात येणंजाणं एवढं, की नवा फौजदार बदलून आला म्हणजे संडास कुठं आहे ते त्यांनाच विचारायचा. थोडं वाढवून सांगतोय, कबूल. मार मात्र वाढवलेला नाही, तो मुळातच भरपूर होता. इंग्रजांनी कायदा करून आम्हाला जन्मापासून चोर ठरवलं. पुढं देश सुटला, तो कायदाही गेला, पण गावात अजून सायकल हरवली तर जीप पहिली आमच्याकडंच वळते. आपलं सरकार तिकडं जिनिव्हात सांगतं, जात म्हणजे वंश नव्हे. नसेल बुवा. काठी मारणाऱ्याला हा फरक कुणीतरी समजावायला हवा होता.

हे सगळं बोलायला तोंड उघडलं आणि नेमका बाईंचा मोबाईल सापडेना.

इथून पुढं एक अक्षर वाढवत नाही. कुणी माझं नाव घेतलं नाही. कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, जो तो खुर्च्यांखाली वाकून शोधत होता. माझा मीच माईक टेबलावर ठेवला, चपला काढल्या, पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर लोंबत सोडले आणि भिंतीकडं तोंड करून हात वर केले. बायकोनं खास इस्त्री करून दिलेला शर्ट पोटावरून वर सरकला. आमच्यात पोरं हे बोलायला लागायच्या आधी शिकतात. चोरी झाली हे कानावर आलं की झडती आपण होऊन द्यायची. पोलिसांनी मागेपर्यंत थांबलं तर झडतीबरोबर बाकीचंही मिळतं.

खुर्च्यांखाली वाकलेली डोकी वर आली. बाईंनी दुभाष्या मुलीला हळूच काहीतरी विचारलं. मुलगी गडबडली. मग इंग्रजीत म्हणाली, तो शोधायला मदत करतोय. तेवढं इंग्रजी मला कळतं. मी मान वळवून पाहिलं तर बाई माझ्याकडं बघून गोड हसल्या, "थँक्यू" म्हणाल्या.

मोबाईल त्यांच्याच गाडीत, सीटखाली निघाला. टाळ्या वाजल्या. मी खिसे आत घालून चपला शोधेपर्यंत सरांनी माईक दुसऱ्या वक्त्याला देऊन टाकला होता. ते नगरचेच वकील. पारध्यांविषयी ते इतकं सुरेख बोलले की मलाही भरून आलं, म्हटलं कोण बिचारे असतील हे! बाईंनी डोळे पुसले आणि जिनिव्हासाठी त्यांचंच नाव पक्कं केलं.

जेवणाच्या रांगेत मी सरांना गाठलं. "सर, माझं बोलनं ऱ्हायलं की वो. निदान मी भिंतीला का हुबा ऱ्हायलो, तेवढं तरी बाईला नीट सांगा. माझं भाषन त्येच हुतं."

सरांनी वाटीत मठ्ठा ओतून घेतला आणि म्हणाले, "पण तुम्हाला झडती द्यायला कुणी सांगितलं होतं?"