रुखमाबाईची अर्धी ओळ

मोहाचं फूल चैत्रात गळतं, आणि तेही पहाटे. मोहर्लीकडचं आमचं रान तेव्हा त्या गोड वासाने पेंगुळलेलं असायचं. फुलं वेचायला माणसं जायची, तशी अस्वलंही यायची. म्हणून आमच्यात एक रीत होती. एकाने गाण्याची अर्धी ओळ म्हणायची, दुसऱ्या झाडाखालच्याने ती पुरी करायची. उत्तर आलं नाही की टोपलं टाकून तिकडे धावायचं.

लटारूभाऊ म्हणायचा, "ऊठ रे जिवा, रान जागलं." पलीकडून त्याची बायको रुखमाबाई म्हणायची, "मी आहो इथी, तू आहेस का रे?" ही ओळ तिनेच जुळवलेली. एरवी नवऱ्याला 'अरे' म्हणायची तिची छाती नव्हती. तो 'रे' काय तो या ओळीपुरता.

बावन्न साली ती तापाने गेली. पुढच्या चैत्रात लटारूभाऊ आपली अर्धी ओळ म्हणायचा आणि कान देऊन उभा राहायचा. मला ते बघवत नसे. मारुतीच्या देवळात उतरलेल्या एका फिरत्या महाराजांनी ते ऐकलं, त्याच्याकडून उरलेली अर्धी ओळ विचारून घेतली आणि संध्याकाळी त्या ओळीवर कीर्तन केलं. जीव देवाला हाक मारतो आहे, म्हणाले. ते पुढच्या गावाला गेले, ओळही गेली. दोन-तीन वर्षांत गावोगाव पहाटेचं भजन सुरू झालं, दारूच्या भट्ट्या विझल्या. जो तो म्हणे, महाराजांनी मुलूख जागवला. माझं डोकं फिरायचं. अस्वलाच्या भीतीने जुळवलेली ओळ, आणि नाव कोणाचं?

गुणवंतराव पाटलांनी तर ती महाराजांच्या नावाने देवळाच्या ओट्यावर कोरायचा घाट घातला. पाथरवट येणार त्या पहाटे मी लटारूभाऊला रानात गाठलं.

"भाऊ, चाल देवळात. रुखमाबाईचं नाव कोरा म्हून सांग. तू नाई सांगशीन तं कोन सांगन?"

तो निघाला. त्यालाही ते हवंच होतं. पोरबाळ नाही, तिचं मागे एवढंच उरलेलं. नदीकाठच्या मोहाखाली आला आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "ऊठ रे जिवा, रान जागलं."

पलीकडच्या गावात भजन चालू होतं. तिथून आवाज आला, "मी आहो इथी, तू आहेस का रे?" मग वाऱ्यावर, त्याच्याही पलीकडच्या गावातून, अगदी पुसट. बायांचे आवाज, म्हाताऱ्यांचे आवाज. सगळं रानच झोपेत बोलतंय असं वाटलं.

लटारूभाऊ मटकन खाली बसला.

"चाल ना," मी म्हणालो.

"नाई येत."

"काऊन?"

"मी तं तिले माहेराच्या पलीकडं कदी नेलं नाई. महाराजानं कुठी कुठी नेलं, आयक. राहू दे त्याचंच नाव."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. त्याने टोपलं जवळ ओढलं, ओली फुलं वेचायला लागला. पलीकडून पुन्हा तीच ओळ आली, तेव्हा तो खाली बघूनच हळू म्हणाला, "हाव, आहो मी."