जेवढं वाचलं तेवढं वाचलं

ताई गेली त्या दिवशी तिच्या पाचही डिस्क ठणठणीत होत्या.

आज वर्ष झालं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी: ज्योतीताई, माझी मोठी बहीण. शेलूबाजारला कृषी केंद्राच्या वर तिचं मिक्सिंगचं दुकान होतं. आसपासचे शूटिंगवाले लग्नाचं शूटिंग तिच्याकडे आणून टाकायचे, ती त्याची फिल्म करून द्यायची. लोक अजून त्याला कॅसेटच म्हणतात.

सगळा माल एका जुन्या कॉम्प्युटरवर. पाच हार्डडिस्क, सॉफ्टवेअरने एकत्र बांधलेल्या. एक मेली तर उरलेल्या चौघींवरून तिचं सगळं परत काढता येतं. हे तिने स्वतः इंटरनेटवर वाचून, चुकत चुकत उभं केलं होतं. बीए, तेही मराठी घेऊन.

मी पुण्यात सर्व्हर सांभाळतो. त्याचाच पगार घेतो. त्यामुळे मला जास्त कळतं असा माझा समज होता.

एका दिवाळीत आलो, सहज तिच्या कॉम्प्युटरचा लॉग, म्हणजे बिघाडांची नोंद, उघडला, तर तीन नंबरच्या डिस्कवर एक रीड एरर. म्हणजे एका जागचं वाचता आलं नव्हतं. सिस्टिमने बाकीच्यांना विचारून तिथे काय होतं ते काढलं, त्याच जागी परत लिहिलं, आणि काम पुढे चालू.

"ताई, ही डिस्क काढून टाक."

"काहून? लिहिलं ना तिनं परत. एका जागी अडखळली म्हणून घराबाहेर काढतं काय कोणी? असं केलं तं घरात राहीन कोण?"

ती चहा सांगायला खाली गेली आणि मी डिस्क काढली. पुसून टाकली. नवी बसवली. अति शहाणा, दुसरं काय.

नवी भरायची तर उरलेल्या चौघी पूर्ण वाचाव्या लागतात. तेव्हा पाच नंबरवर एक जागा निघाली, जी दोन वर्षांत कोणी वाचलीच नव्हती. ती कधीची खराब झाली होती कोणास ठाऊक. आणि जिला विचारून ती भरून काढता आली असती, तिला मी आधीच कोरी करून बसलो होतो.

शिरपूरच्या एका लग्नातली पाठवणीची नऊ मिनिटं गेली. शूटिंगवाल्याने कॅमेऱ्याचं कार्ड केव्हाच रिकामं केलेलं. त्या जागी नुसते हिरवे चौकोन.

ताई चिडली नाही. आठ दिवस बसून एकेक फाइल दुसरीकडे उतरवत राहिली. मी पुण्याहून फोन केला, किती निघालं?

"जेवढं वाचलं तेवढं वाचलं."

नवरीच्या घरी शिरपूरला ती स्वतः गेली. "माह्या हातानं झालं," म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. हे मला नंतर भाऊजींनी सांगितलं.

तेव्हापासून तिचा नियम. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाचही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायच्या. काही शोधायचं नाही, नुसतं वाचायचं. कुठे बिघडलं असेल तर बाकीच्या धड असतानाच कळतं.

त्याला अख्खा दिवस लागायचा. तेवढ्या वेळात ती फोन लावायची. इंझोरीला आईला, मग मला.

"जेवला काय? दात दुखत होता त्याचं काय झालं? पाणी येऊन राह्यलं ना टाकीत?"

"ताई, मागच्या महिन्यात हेच विचारलंस."

"हाव. उत्तर तेच येते काय, ते पाह्यतो."

कधी मी उचलायचो नाही. मिटिंग, कंटाळा, काहीही. ती रुसायची नाही. माझ्या बायकोला, स्नेहाला, विचारून घ्यायची आणि मला मेसेज टाकायची: "स्नेहाकडून कळलं. बरा आहेस. दात दाखव डॉक्टरले."

इतके फोन चुकवले, पण तिने मला कधी काढून टाकलं नाही.

आणि तिला कोण विचारायचं?

मी विचारायचो, फोन ठेवता ठेवता. "तुझं कसं?"

"माह्यं काय, मस्त."

झालं. ठेवला.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही ओसरीत बसलो होतो. भाऊजी म्हणाले, दोन महिन्यांपासून दुकानाचा जिना चढताना ती मधेच थांबायची.

आई म्हणाली, "माह्याकडे आली तं दोन उशा घेऊन निजे. मले वाटलं, मान दुखत असन."

मी म्हणालो, फोनवर तिला धाप लागलेली ऐकू यायची. मला वाटलं, आत्ताच वर आली असेल.

तिघांकडे तीन तुकडे होते, एकाच हृदयाच्या दुखण्याचे. कोणी कोणाला विचारलं नाही. ताईने हे एका रविवारात जोडलं असतं.

आम्ही ताईला वाचलं नाही. ताई वाचली नाही.

आज दुकानात आलोय. नेमका पहिला रविवार आहे. ती कुठे थांबायची ते भाऊजींनी दाखवलं, सातव्या पायरीवर. मीही थांबलो जरा.

कॉम्प्युटर चालू केला, वाचायला लावलाय. चौदा टक्के झालं. आईला फोन केला.

"गुडघा कसा आहे? गोळ्या घेतल्या?"

"कालच तं सांगतलं तुले."

"हो. परत सांग."

आईने पहिल्यापासून सगळं सांगितलं, गोळीच्या रंगासकट. शेवटी म्हणाली, "आता तुह्यं सांग."

मी मस्त म्हणणार होतो. तसं म्हणालो नाही. जे आहे ते सांगितलं.

ताई, फार आठवण येते गं. रोज येते, पण रविवारी जीव लागत नाही कशात.

श्रद्धांजली मला लिहिता येत नाही. तुझ्या प्रश्नांची उत्तरं तेवढी देतो.

जेवलो. दात काढून टाकला. टाकीत पाणी आहे.

आता तुझं सांग. मस्त म्हणू नकोस.